सांग पाहू

रत्नागिरी

चि. सौ. भाचीस,


तुझा परवाचा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा तुझा दाटलेला गळाच तेवढा ऐकू आला, म्हणून रात्री जेवणं आटपल्यावर पुन्हा लावला. सुपरवायझरबाई तुझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसल्या, तास संपेपर्यंत काहीतरी लिहीत राहिल्या आणि जाताना म्हणाल्या, ‘तुम्ही मुलांना फार ऑर्डरी सोडता.’ दुसऱ्या दिवसापासून तू प्रत्येक वाक्याला ‘प्लीज’ लावलंस, ‘बसा’चं ‘बसायला आवडेल का’ केलंस, आणि आठवड्याभरात वर्ग हाताबाहेर गेला. आता तुला वाटतंय, आपल्याला शिकवताच येत नाही.

असं काही नाही. पण फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले. जेद्दात सतरा वर्षं लहान वर्गांना इंग्रजी शिकवलं, आधी भारतीय मुलांना, मग तुझ्यासारखंच सौदी, मिसरी, सुदानी आणि आपल्याकडच्या मुलांच्या मिश्र वर्गाला. त्यातल्या पहिल्या पाच-सहा वर्षांत मी काय चुकीचं बोलत होते ते मला फार उशिरा कळलं. तुला लवकर कळावं असं वाटतं.

सुपरवायझरबाईंचं म्हणणं अर्धं खरं असेल. त्यावर तू जो उपाय केलास तो मात्र चुकला. आज्ञा करणं हा गुन्हा नव्हे. सहा वर्षांचं पोर, घरी अरबी नाहीतर मल्याळम बोलणारं, दिवसाचे पाच-सहा तास परक्या भाषेत बसतं. कानावर पडणाऱ्यातलं फारच थोडं त्याला कळतं. अशा वेळी ‘ओपन युवर बुक’ हे तीन शब्द म्हणजे जिन्याचा कठडा. ते धरून पोर पायरी चढतं. त्याच कठड्यावर तू आता एवढी झालर लावलीस की हात कुठे ठेवायचा तेच त्याला कळेना.

आपल्या मराठी शाळेतल्या बाईंकडे केवढा साठा असायचा ते आठव. ‘बस’, ‘बसा’, ‘बस बघू’, ‘बसा बरं आता’, ‘बसून घ्या’, ‘बसायचं हं’, ‘बसूया का आपण?’ आणि ‘सांग पाहू, बारा पाचे किती?’ त्या ‘पाहू’ची सर कशाला नाही. आज्ञा आहेच, पण ती करताना बाई मुलाच्या शेजारी येऊन उभ्या राहतात. तू सांग, मी पाहते. ‘जरा’, ‘बरं’, ‘हं’, ‘ना’, एवढ्याशा अक्षरांनी हुकमाची धार बोथट होते आणि तरी तो हुकूमच राहतो. ‘कृपया’ मात्र आपण कधी कुणाला तोंडी म्हणालो नाही. तो शब्द एसटी स्टँडवरच्या भोंग्याचा आणि पाटीवरचा. शिवाय आपल्याकडे ‘आपण’ आहे. ‘आपण आता वह्या काढूया’ यात ऐकणारा धरलेला असतो, ‘आम्ही’ म्हटलं की तो बाहेर राहतो. इंग्रजीच्या ‘वी’ला हा फरक करता येत नाही, अरबीच्या ‘नह्नु’लाही नाही.

इंग्रजीत शिकवायला उभं राहिलं की हा साठा दाराबाहेर चपलांसारखा काढून ठेवावा लागतो. मग हातात उरतं ते एकीकडे कोरडं ‘सिट!’ आणि दुसरीकडे पुस्तकातून पाठ केलेलं ‘वुड यू लाइक टू’. मधली जागा मोकळीच. तुझ्या सुपरवायझरबाईंना जे टोचलं ते बहुतेक हेच असणार. मराठीतली आज्ञा तू इंग्रजीत आणलीस, तिचा ‘पाहू’ इकडेच राहिला. ती जागा ‘प्लीज’ने भरत नाही गं. ती भरते आवाजाने, मुलाचं नाव आधी घेण्याने, त्याच्याकडे वळून बघण्याने. माझ्याबरोबर एक हैदराबादच्या बाई होत्या. त्या ‘कम, बेटा, सिट’ एवढंच म्हणायच्या आणि ‘सिट’ म्हणताना शेजारची खुर्ची थोडी मागे ओढायच्या. त्यांचं इंग्रजी व्याकरण बेतास बात होतं. त्यांच्या वर्गात मी कधी आरडाओरडा ऐकला नाही.

आता माझी चूक सांगते. दुसरंच वर्ष होतं. पहिलीच्या वर्गात श्रीवर्धनकडची एक मुलगी होती, घरी कोकणी मुसलमानांची बोली, आपल्याला सहज कळावी अशी. धडा वाचायची तिची पाळी आली. मी नुकतंच एक प्रशिक्षण करून आले होते, म्हणून गोड आवाजात म्हटलं, ‘वुड यू लाइक टू रीड?’ तिने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, ‘नो, मॅम.’ वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि तास संपेपर्यंत मी तिला उभं ठेवलं. संध्याकाळी भांडी घासताना माझ्या लक्षात आलं, तिने फक्त माझ्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं होतं. वाचायला आवडेल का, असं मी विचारलं. नाही आवडणार, असं तिने सांगितलं. मला विचारायचं नव्हतंच, सांगायचं होतं. मग सांगायला हवं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी शर्ली ब्राइस हीथ यांच्या ‘वेज विथ वर्ड्स’ या पुस्तकाची ओळख झाली. १९८३ सालचं पुस्तक. अमेरिकेत कॅरोलिनातल्या दोन कामगार वस्त्यांमध्ये त्या अनेक वर्षं जाऊन-येऊन राहिल्या आणि तिथली मुलं शाळेत का अडखळतात ते बघत होत्या. त्यांना दिसलेल्या गोष्टींपैकी एक अशी की, शहरी शिक्षिका कात्री जागेवर ठेव असं सरळ न सांगता, कात्रीची जागा हीच का, असं विचारायच्या. ज्या मुलांच्या घरी मोठी माणसं सरळ सांगत, त्यांना यात हुकूम दडलाय हेच कळत नसे. मग ती ‘न ऐकणारी’ ठरायची. कात्रीचं ते वाचलं आणि मला श्रीवर्धनची मुलगी आठवली. मुलं इंग्रजीच बोलणारी होती तरी हे घडलं. तुझ्या मुलांना तर इंग्रजी अजून यायचं आहे.

म्हणून माझा एक नियम ठरून गेला. ‘नाही’ चालणार नसेल तर विचारायचं नाही. आणि विचारलं तर ‘नाही’ ऐकायची तयारी ठेवायची. ‘निळा रंग घेणार का हिरवा?’ हे विचार. ‘आपला गट कुठे बसवूया?’ हेही विचार, आणि मुलं म्हणतील तिथे खरंच बसव. पुस्तक उघडायचं की नाही हे मात्र विचारू नकोस. तू मनाने मऊ आहेस, तुला वाटतं विचारलं म्हणजे मान दिला. ज्या प्रश्नाचं एकच उत्तर चालतं तो प्रश्न विचारून मान दिला जात नाही, मूल पेचात पडतं.

तुझ्या सौदी मुलांच्या कानाकडेही लक्ष दे. अरबीत आज्ञा मुलाला वेगळी आणि मुलीला वेगळी: मुलाला ‘इज्लिस’, मुलीला ‘इज्लिसी’, सगळ्यांना ‘इज्लिसू’. मराठीत ‘बस’ दोघांना एकच, आपल्याकडे आज्ञेत मान दिसतो, मुलगा-मुलगी दिसत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी सुरुवातीचे कितीतरी दिवस ‘सिट डाउन’ ऐकून आधी इकडेतिकडे बघायची, हे मला आहे का मुलग्यांना? तिचं नाव आधी घ्यायला लागले तेव्हा ती लगेच बसायला लागली. शिवाय अरबी घरात आर्जव ‘प्लीज’सारख्या एका शब्दात नसतं, ते दुव्यात असतं. कुणाला काही मागताना ‘अल्ला यखल्लीक’, म्हणजे देव तुला सुखरूप राखो. काम करत असलेल्याला ‘अल्ला यअतीक अल-आफिया’, देव तुला ताकद देवो. आणि ‘लो समहत’, तुझी परवानगी असेल तर. एवढ्या भरल्या भाषेतून आलेल्या मुलाला आपलं इंग्रजी ‘प्लीज’ रिकाम्या वाटीसारखं लागत असेल.

आणि नुसती आज्ञा त्यांना अपमानाची वाटत नाही, हेही ध्यानात ठेव. मुसलमानांच्या श्रद्धेप्रमाणे मक्केजवळच्या हिरा गुहेत पैगंबरांना जो पहिला शब्द ऐकू आला तो ‘इक्रा’, वाच. आज्ञार्थी क्रियापद. तुझ्या वर्गातली मुलं लहानपणापासून घरात तो शब्द आदराने ऐकत आली आहेत. ‘रीड’ म्हणायला तू का कचरतेस?

हजेरी घेताना एक गंमत तुझ्या कानावर आली असेलच. मुलगा ‘हादिर’ म्हणतो, मुलगी ‘हादिरा’. आपला ‘हजर’ तोच, फारसीतून फिरून आला. पण तिकडे ‘हादिर’चा आणखी एक उपयोग आहे. काही सांगितलं की ऐकणारा म्हणतो ‘हादिर’, म्हणजे आलोच, करतो. उपस्थिती आणि होकार एकाच शब्दात. शिवाय खास सौदी उत्तर आहे ‘अबशिर’, म्हणजे आनंदी हो, तुझं काम झालंच समज. व्हिसाची आणि इकाम्याची, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्याची, कामं तुम्ही ज्या सरकारी ॲपवर करता त्याचं नावही तेच. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याने उलट एक आज्ञाच द्यायची, आणि ती आनंदी होण्याची! हे शब्द मुलांना वर्गात वापरू दे. तू ‘क्लोज द डोअर’ म्हणालीस आणि एखादी ‘हादिर, मिस’ म्हणत उठली तर ‘इंग्लिश ओन्ली’ म्हणून तिला थांबवू नकोस. तिला आज्ञा इंग्रजीत कळली आहे. उत्तराला इंग्रजी यायला थोडे महिने लागतील.

आपलीही यात जुनी नाती आहेत. हुकूम, ताकीद, मनाई, इशारा, अर्ज हे सगळे मूळचे अरबी. हुकूम करण्याचा आणि अर्ज करण्याचा शब्द आपण एकाच गावाहून आणला. असो, मला भाषेचा नाद लागला की थांबवत नाही.

आता कामाचं. माझ्या वर्गात कागदी मासे करायचे होते. बोर्डावर चित्र, टेबलावर कात्र्या, रंगखडू. मी म्हटलं, ‘बिफोर यू कलर द फिश, कट इट आउट.’ अठ्ठावीस मुलं होती. वीसेक जणांनी रंगवायला सुरुवात केली. मी चिडले, पुन्हा तेच वाक्य मोठ्याने म्हटलं, आणि उरलेल्यांनीही कात्री ठेवून खडू उचलला. मुलांनी शब्द ज्या क्रमाने ऐकले त्या क्रमाने हात चालवले. आधी ‘कलर’ ऐकलं, आधी रंगवलं. ‘बिफोर’ या शब्दाने सगळा क्रम उलटतो हे सहा वर्षांच्या मुलाला परक्या भाषेत कुठून कळावं? दुसऱ्या दिवशी मी कात्री हातात उंच धरली, म्हटलं, ‘कट.’ थांबले. सगळे कापून झाले. मग खडू उचलला, ‘नाउ, कलर.’ त्या दिवशी मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही. जे आधी करायचं ते आधी बोल. एका वेळी एक. आणि ते करून झाल्याशिवाय पुढचं बोलू नकोस, कितीही वेळ गेला तरी.

क्रियापदाचंही असंच. मराठीत आणि मल्याळममध्ये क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपली मुलं वाक्य संपेपर्यंत वाट बघतात. ‘वह्या’ ऐकलं की वही डोळ्यांपुढे येते, काय करायचं ते मागून कळतं. अरबी मुलाला क्रियापद आधी ऐकायची सवय असते, ‘इफ्तह अल-किताब’, इंग्रजीसारखंच. वर्गात सौदी मुलं झटकन हलतात आणि केरळची मुलं क्षणभर थांबून, ते हुशारी-मठ्ठपणामुळे नसतं. त्यांना वेळ दे. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातले प्रश्न मोजले, तेव्हा त्यांना दिसलं की शिक्षक साधारण एक सेकंदच वाट बघतात, आणि ती वाट तीन सेकंदांवर नेली की मुलं जास्त आणि लांब बोलू लागतात. त्यांचं काम प्रश्नांबद्दल होतं, मी तीन सेकंद सूचनांनाही लावले. मनात ‘एक नारळ, दोन नारळ, तीन नारळ’ मोजायचे. तू मोजून बघ, ते किती लांब वाटतात.

तू विचारलंस की मग भाषा कधी शिकवायची, सगळा वेळ तर सूचनांतच जातो. अगं, सूचना हीच तर भाषा आहे. धड्यातली मांजर चटईवर बसली काय किंवा न बसली काय, मुलाला काही फरक पडत नाही. पण ‘लाइन अप’ कळलं नाही तर ते मधल्या सुट्टीला मुकतं. वर्गातलं खरंखुरं, गरजेचं इंग्रजी तेवढंच. जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात यावरच एक पद्धत उभारली. शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि स्वतः तसं करायचं, शिकणाऱ्याने बोलायची घाई न करता फक्त तसं करून दाखवायचं. तेव्हा रोजच्या पंधरा-वीस आज्ञा ठरव, रोज त्याच शब्दांत दे, आणि काही दिवसांनी मुलांनाच बाई कर. एकाने उभं राहून सांगायचं, ‘स्टँड अप, टर्न अराउंड, टच द विंडो’, आणि तूही इतरांबरोबर खिडकीला हात लावायचास. सौदीतल्या सरकारी शाळांत २०२१ पासून पहिलीपासूनच इंग्रजी आलंय, म्हणजे इंग्रजी शिकणारी लहान मुलं आता तिकडे घरोघर आहेत. तुझी मुलं संध्याकाळी शेजारच्या मुलांना हेच शिकवतील.

यापुढचं लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मुलाच्या विनंतीबद्दल. एकदा पहिलीतलं एक पोर माझ्या टेबलाशी आलं, दोन्ही पाय जुळवून, आणि म्हणालं, ‘मिस, कॅन आय गो टॉयलेट?’ मी वह्या तपासत होते. न बघता म्हटलं, ‘नॉट कॅन. मे आय.’ ते म्हणालं, ‘मे आय गो’ आणि अडकलं. मी म्हटलं, ‘पूर्ण वाक्य.’ त्याने पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा वाक्य पूर्ण झालं तेव्हा फरशी ओली झाली होती. त्या पोराने माझ्याकडे बघितलं आणि काय म्हणावं, ‘सॉरी, मिस.’ ते वाक्य अगदी बिनचूक होतं. आई त्याला न्यायला आली तेव्हा मी तिची माफी मागितली, त्याचीही मागितली. तरी नंतर कितीतरी दिवस ते मूल माझ्या टेबलाजवळ काही मागायला आलं नाही. पाण्याची बाटली उघडून घ्यायलासुद्धा शेजारच्या मुलाकडे जायचं.

गरजेचं मागणं कुठल्याही भाषेत, खुणेने, अर्ध्या शब्दाने आलं तरी ते पूर्ण धर. आधी जाऊ दे. वाक्य परत आल्यावर, हसत, त्याच्याबरोबर म्हण. लीलाताई पाटलांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं. त्यांचं ‘ऐलमा पैलमा शिक्षणदेवा’ मी सुट्टीवर आले असताना वाचलं, आणि वाचताना सारखं ते ओल्या फरशीवर उभं राहिलेलं पोर डोळ्यांपुढे येत होतं.

आणखी एक गोष्ट, जी तुझ्या सुपरवायझरबाईंच्या कागदावर बहुधा नसेल. तुझ्या काकांना सौदीत पहिल्या महिन्यात जी अरबी आली ती अशी: तआल, रूह, जीब, शूफ, यल्ला. ये, जा, आण, बघ, चल. साइटवर त्यांना दिवसभर तेच ऐकवलं जायचं, म्हणून तेच आलं. ‘लो समहत’ त्यांना सहा महिन्यांनी कळलं. बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, एका म्हाताऱ्या सौदी गृहस्थाने त्यांना वरच्या फळीवरचा डबा काढून द्यायला सांगितला आणि सांगताना हे शब्द वापरले. काका घरी पत्रात ते लिहून पाठवते झाले, इतकं त्यांना त्याचं अप्रूप.

तुझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी ड्रायव्हर असतो, कामाला बाई असते, इंडोनेशियाची, फिलिपिन्सची, केनियाची, कधी आपल्याकडची. मुलं मोठ्यांना त्यांच्याशी बोलताना रोज ऐकतात. मग ती शाळेत येऊन झाडणाऱ्या बाईला तसंच म्हणतात, ‘पानी! क्लीन!’ तू वर्गात मुलांशी आज्ञार्थी बोल, जरूर बोल. पण ती बाई कागद उचलायला आत आली की तिच्याशी तू कसं बोलतेस याकडे तुझ्या सगळ्या मुलांचे कान लागलेले असतात. तिथे ‘प्लीज’ वापर. तिथे ‘लो समहती’ म्हण, मुलांना ऐकू येईल असं. ती नाही म्हणू शकत नाही, म्हणूनच म्हण.

आपल्याकडे शाळेतल्या अशा बाईला मुलं ‘मावशी’ म्हणतात. तिकडेही मुलं तिला ‘खाला’ म्हणतात, म्हणजे मावशीच. सतरा वर्षांत मी कितीतरी खालांबरोबर काम केलं. सगळ्यांत जास्त वर्षं जी होती तिचं नाव मला ती गावी परत निघाली त्या दिवशी कळलं, रजिस्टरवर तिची सही बघून.

तुमच्या वर्गाच्या खालाचं नाव काय आहे? पुढच्या मेसेजमध्ये कळव. आणि घसा जपत जा, तिकडच्या एसीने तो लवकर बसतो.

तुझी,
मावशी